या आठवड्याची पापं

९ जून

प्रिय ताई,

फोनच केला असता, पण आपला फोन बाबांच्या उशाशी, आणि डोळे गेल्यापासून बाबांचे कान डोळ्यांच्या वाटचंही काम करतात. मागच्या वेळी मी नुसतं 'हॅलो' म्हटलं तर म्हणाले, 'धाकटी का? जिना चढून आलेली दिसतेस.' मग तू फोनवर आलीस आणि 'हो, नाही, बरं' यापलीकडे एक शब्द बोलली नाहीस. म्हणून हे पत्र.

बातमी अशी की मी फिल्म करतेय. माझी स्वतःची. वीस वर्षं दुसऱ्यांनी काढलेल्या फिल्म कापत आणि जोडत बसले, साबणाच्या जाहिरातींपासून लग्नाच्या कॅसेटींपर्यंत. आता अकरा मिनिटं माझी. विषय आपल्या घरचा शनिवार.

दचकायचं असेल तर आत्ताच दचकून घे. कॅमेरावाल्याला समजावं म्हणून मी एक कागद लिहून दिला, तो तुलाही उतरवून पाठवते. चुकलं असेल तिथे सांग.

'घर कडक कॅथलिक. वडील छापखान्यात प्रूफं तपासतात. दर शनिवारी चार वाजता दोघी बहिणी जेवणाच्या टेबलाशी बसून आठवडाभरातली आपापली पापं वहीत लिहितात. पाच वाजता चर्चमध्ये पापनिवेदन असतं, तिथे ती फादरांना सांगायची. पण त्याआधी वही वडील तपासतात, तांबड्या पेन्सिलीने. पाप नीट मांडलेलं नसेल तर समासात "मोघम" असा शेरा. "आईला उलट बोलले" असं लिहिलं तर "नेमके शब्द द्या". पापं कमी भरली तर मुलीने क्रूसासमोरच्या लाकडी बाकावर गुडघे टेकायचे, आठवेपर्यंत.'

कॅमेरावाला वाचून हसला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, 'खरंच?'

मुख्य प्रसंग तुला माहीतच आहे. सात वर्षांची मी कोरी वही पुढे करते आणि बाबांना सांगते, 'या आठवड्यात मला लाज वाटावी असं मी काही केलेलं नाही.' ताई, ते वाक्य मला काल बोलल्यासारखं आठवतं. आयुष्यातला माझा तेवढा एकच पराक्रम. पुढे सगळा उतारच.

तुझ्याकडून दोन गोष्टी हव्यात. ते बाक, आणि एखादी जुनी वही उरली असेल तर. तू नाही म्हणालीस तरी फिल्म होणार आहे. हो म्हणालीस तर बाक खरं असेल, एवढाच फरक.

तुझी,
भिंगरी


१८ जून

भिंगरे,

पत्र वॉर्डातल्या औषधांच्या कपाटामागे उभं राहून वाचलं. घरी टपाल आलं की बाबा पाकीट चाचपतात आणि जाडीवरून मजकूर ओळखतात. यापुढे हॉस्पिटलच्या पत्त्यावर लिही. नुसतं 'मुख्य परिचारिका' लिहिलंस तरी पोचेल.

नाही. बाकाला वाळवी लागली होती, आई गेली त्या वर्षी फोडून बंबात घातलं. वह्या रद्दीत गेल्या. विषय संपला.

आता तू म्हणशील का. बाबा त्र्याऐंशी वर्षांचे आहेत. सकाळी मी त्यांची दाढी करते, रेडिओवर मिस्साची प्रार्थना लावून देते, चष्मा पुसून हातात देते. डोळे गेले तरी चष्मा लागतो, आणि काच स्वच्छ लागते. कशाला, ते विचारायची सोय नाही. अशा माणसाला तू पडद्यावर बसवणार आणि लोक अंधारात बसून चुकचुकणार. तुझं बरं आहे, तू लांब आहेस. रविवारी चर्चच्या पायरीवर लोकांच्या नजरेला नजर मला द्यायची आहे. उचलली जीभ लावली टाळ्याला, हे तुझं लहानपणापासूनचंच. आता जिभेच्या जागी कॅमेरा आलाय.

आणि ते वाक्य तुला काल बोलल्यासारखं आठवतं म्हणतेस. बरं. आठवू दे.

फिल्म केलीस तर घरी येताना आधी कळव. मी त्या दिवशी ड्यूटी लावून घेईन.

ताई


२ ऑगस्ट

प्रिय ताई,

तुझं 'नाही' मिळालं. तरी केली.

बाक सुताराकडून करून घेतलं. त्याने उंची विचारली. मला इंचात कुठे ठाऊक! मी त्याच्या दुकानात, लाकडाच्या भुशात, हवेत गुडघे टेकल्यासारखी झाले आणि म्हटलं, 'इथे.' त्याने टेप लावली. साडेनऊ इंच. आपण पाढे विसरलो, पण हे गुडघ्यांना पाठ आहे.

माझं काम करणारी पोरगी दुसरीत आहे. पालीखेरीज जगात कशालाच भीत नाही. गुडघ्यांखाली कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी उशी दिली होती तिला. तरी वीस मिनिटांनी तिने मान वळवली आणि मला विचारलं, 'पण ही उठत का नाही?' मी म्हटलं, 'बाबा रागावतील म्हणून.' तर म्हणाली, 'मग रागावू दे की. ते तर आत्तापण रागावलेलेच आहेत.' दिव्यांवरचा माणूस, आवाजवाली, चहा आणणारा, सगळे माझ्याकडे बघायला लागले. शूटिंग दहा मिनिटं थांबवलं.

तू म्हणतेस लोक चुकचुकतील. ताई, लोक तेव्हाही होते. लालबुंद गुडघे घेऊन आपण त्याच पायरीवरून चर्चमध्ये जायचो, आणि तेच लोक बाबांना म्हणायचे, 'काय वळण लावलंय मुलींना!' तेव्हा नाही कुणी चुकचुकलं. आता चुकचुकू देत, व्याजासकट.

बाबांचा चेहरा दाखवलेला नाही. नुसता हात, मनगट आणि पेन्सिल. थोरलीचं काम एका गोड मुलीने केलंय. ती दारात उभी राहून रडते, बघवत नाही.

जानेवारीच्या शेवटी एका महोत्सवात दाखवणार आहेत. महोत्सव छोटा आहे, पण पडदा मोठा आहे. सोबत सीडी ठेवलीय. पाहा, नाहीतर बाकासारखी बंबात घाल. मी आता सात वर्षांची नाही, आणि मला कुणाला वही तपासायला द्यायची नाही. तुलासुद्धा.

भिंगरी


२५ ऑगस्ट

भिंगरे,

फिल्म पाहिली. शिकाऊ मुलींना इंजेक्शन कसं द्यायचं ते दाखवायला आमच्याकडे एक कॉम्प्युटर आहे, त्यावर. ड्यूटी संपल्यावर दार लावून घेतलं. एकदा पाहिली, मग पुन्हा पाहिली.

चांगली आहे. हे आधी सांगते, नंतर सांगायला जमणार नाही. तो नळाचा आवाज! आई चार वाजता नळ सोडून घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घ्यायची, म्हणजे तिला बाहेरचं ऐकू यायला नको. ते तुझ्या लक्षात असेल असं वाटलं नव्हतं.

आता दुसरं. ती कोरी वही माझी होती.

सात वर्षांच्या तुझी नव्हे. तेरा वर्षांच्या माझी. वाक्यही माझं. ते तू चोरलंस. जाणूनबुजून नाही, एवढं मला कळतं. पण चोरीचा माल तो चोरीचाच.

तुला बाकीचंही आठवत नाही असं दिसतं, तेव्हा सगळंच लिहिते. तुला पापं सुचायचीच नाहीत. शनिवार जवळ आला की रडवेली व्हायचीस, 'ताई, माझं काहीच झालेलं नाही गं.' म्हणून तुझी पापं मी लिहून द्यायचे. शुक्रवारी शाळेतून येता येता रस्त्यात ठरवायचे, आणि तू घरी येईपर्यंत पाठ करायचीस. पहिल्या वेळी मला तरी कुठे अक्कल होती! प्रार्थनेच्या पुस्तकात मागे मोठ्या माणसांसाठी पापांची यादी असते, त्यातलं एक उचललं, 'न्यायालयात खोटी साक्ष दिली.' तू सहा वर्षांची! बाबांनी समासात लिहिलं, 'कोणता खटला?' तुला सांगता येईना, म्हणून अर्धा तास बाकावर. त्यानंतर मी शहाणी झाले. तुझ्या मापाची पापं बेतायला लागले. साखर खाल्ली. प्रार्थनेत डोळे उघडे ठेवले. बाहुलीला 'मर मेली' म्हटलं. फादर ऐकून घ्यायचे, तीन नमो मरिया म्हणायला सांगायचे, की सुटलो. देव दोन मिनिटांत मोकळं करायचा. वेळ लागायचा तो बाबांना.

मग एकदा धर्मशिक्षणाच्या वर्गात सिस्टरांनी शिकवलं की पापनिवेदनात ऐकलेलं फादर कुणालाही सांगू शकत नाहीत, जीव गेला तरी. ते देवात आणि आपल्यात. मी हात वर केला आणि विचारलं, 'मग ते बाबांना आधी वाचायला चालतं का?' सिस्टर म्हणाल्या, 'घरी विचार.' मी काय समजायचं ते समजले. त्या शनिवारी मी तुला म्हटलं, आज कुणीच काही लिहायचं नाही. तू मान डोलावलीस. गळ्याला चिमटा घेऊन शपथही घेतलीस.

चार वाजता मी कोरी वही दिली. ते वाक्य बोलले. बाबांनी वही मिटली, पेन्सिल टेबलावर ठेवली आणि तुझ्याकडे वळले. 'आणि तुझी?' तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. त्यांचीच तांबडी पेन्सिल उचललीस आणि लिहिलंस. तुझं तू लिहिलेलं पहिलं पाप. 'माझी पापं ताई लिहून देते.'

बाबांनी त्यापुढे बरोबरची खूण केली. त्यात काही मोघम नव्हतं.

पुढचं तुला ठाऊक आहे, कशामुळे ते ठाऊक नसावं. वर्षभराची खोटी पापनिवेदनं, आणि तीही धाकट्या बहिणीकडून करवून घेतलेली! दोन आठवड्यांत माझी शाळा सुटली आणि ट्रंक घेऊन मी सिस्टरांच्या वसतिगृहात. चार वर्षं. तुला सांगितलं, ताई हुशार आहे म्हणून पाठवली.

मागच्या पत्रात बाबांची ढाल पुढे केली, ते खोटं होतं. बाबांची कातडी जाड आहे, त्यांना काही होत नाही. मला भीती वाटत होती ती वेगळीच. तू आपलं घर दाखवशील आणि त्यात मी नसेन. तसंच झालं. तुझ्या फिल्ममध्ये थोरली बहीण दारात उभी राहून रडते. मी रडले नव्हते.

ताई


१ सप्टेंबर

ताई,

असं घडलेलं नाही.

भिंगरी


२९ सप्टेंबर

प्रिय ताई,

महिनाभर तुझ्याशी मनातल्या मनात भांडले. तुझं वय झालं, तुला भलतंच आठवतंय, तू माझ्यावर जळतेस. हो, हेही. लिहायला लाज वाटते, पण मोघम लिहिणार नाही.

मग परवा कामावर टेबलावरची एक पेन्सिल उचलली, जुनी, सहा कोनांची. आणि तळहात एकदम ओळखीचा झाला. बाबांच्या पेन्सिलीला घरात कुणी हात लावायचा नाही, आईनेसुद्धा नाही. मग तिचे कोपरे माझ्या हाताला कसे ठाऊक? मी ती इतकी घट्ट धरली होती की बोटांवर वळ उठले होते. ते वळ मी त्या दिवशी चर्चमध्ये बघत बसले होते. तुझ्याकडे बघायला नको म्हणून.

बाकीचं त्यामागोमाग आलं, बोलावल्यासारखं. तू ट्रंक घेऊन गेलीस तेव्हा मी वर्गात मिरवलं होतं, माझी ताई हुशार म्हणून. आणि तुझ्यानंतर मला त्या बाकावर कधी पाठवलंच नाही गं. बाबा पाहुण्यांना सांगायचे, 'धाकटी खरं लिहिते.' मला वाटायचं मी सुधारले. तुझ्या चार वर्षांवर मी गुणी ठरले, आणि वर तुझं शौर्यही माझ्या नावावर लावून घेतलं. इतकी वर्षं तेच सांगत आले, मैत्रिणींना, कामावर, नवऱ्याला. त्याने तर त्या वाक्यावर भाळून लग्न केलं, आता त्यालाही सांगावं लागेल.

फिल्म मी मागे घेते. महोत्सवाला उद्या कळवते. आणखी काय करू सांग. तू म्हणशील ते प्रायश्चित्त घेईन.

भिंगरी


८ ऑक्टोबर

भिंगरे,

प्रायश्चित्त माझ्याकडे कसलं मागतेस? मी फादर नाही, आणि बाबा तर नाहीच नाही. ऊठ आधी. तुझ्या त्या पोरीने विचारलं ना, ही उठत का नाही? मलाही तेच विचारायचंय.

सात वर्षांच्या पोरीला माफ करण्यासारखं काही नसतं. ती घाबरली, आणि घाबरवणारं माणूस वेगळंच होतं. पण पंचेचाळीस वर्षांच्या बाईने घाबरून फिल्म मागे घेतली, तर मी माफ करणार नाही. महोत्सवाला कळवलं असशील तर पुन्हा कळव.

फिल्म बदल. कोरी वही थोरलीच्या हातात दे आणि पेन्सिल धाकटीच्या. रडकी थोरली काढून टाक. आणि शेवट तुला कुणी सांगितला नसेल, तो मी सांगते. त्या दिवशी बाकावरून मी आपणहून उठले. पाचची घंटा झाली. बाबांनी विचारलं, 'आठवलं का?' मी म्हटलं, 'नाही,' आणि त्यांनी 'ऊठ' म्हणायच्या आधी उठले. चर्चला एकटी पुढे गेले. फादरांना म्हटलं, आज माझ्याकडे काही नाही. ते म्हणाले, 'छान. मग देवाचे आभार मान आणि घरी जा.' इतकं सोपं होतं ते.

आणखी एक. क्रूसावर तू कॅमेरा असा रोखलायस, जसा काही मुख्य आरोपी तोच. तसं करू नको. माझं देवाशी भांडण नाही. बाबांच्या बाबतीत आमचं दोघांचं एकमत आहे, असं मला केव्हापासून वाटतं. वसतिगृहानेही मला काही मारलं नाही. तिथेच मी रुग्णाची सेवा शिकले, आणि माझं काम मला आवडतं. पण ते मी निवडायला हवं होतं, मला शिक्षा म्हणून मिळायला नको होतं. हे फिल्ममध्ये बसवता आलं तर बसव, नाहीतर राहू दे.

बाक पाठवतेय. वाळवी-बिळवी काही लागली नाही. आई गेल्यापासून ते माझ्या खोलीत आहे आणि मी त्यावर ड्यूटीचे बूट ठेवते. वह्या मात्र खरंच रद्दीत गेल्या, एक सोडून. तीही सोबत आहे. त्या शनिवारचीच ती नवी वही, पानं कोरी म्हणून आईने माझ्या ट्रंकेत घातली होती, शाळेला होईल म्हणून. मी तिच्यात अडतीस वर्षांत एक अक्षर लिहिलेलं नाही. कॅमेऱ्यापुढे ठेव, पण तिच्यात काही लिहू नको, आणि काम झालं की परत पाठव.

ते वाक्य त्या मुलीच्या तोंडी घालू नको. माझ्याच आवाजात ठेव. आमच्या एका शिकाऊ मुलीकडे टेपरेकॉर्डर होता, तिच्याकडून भरून घेतलं. तिला वाटलं, मुख्य बाईंचं डोकं फिरलं. चौथ्या वेळी बरं जमलं, ती टेप सोबत आहे.

बाक गोणपाटात बांधताना फरशीवर सरकलं. बाबा आतून म्हणाले, 'बाक आहे ते. कुठे चाललं?' अडतीस वर्षांनी नुसत्या आवाजावरून ओळखलं. मग मी सांगून टाकलं, सगळं. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. शेवटी काय म्हणावं त्यांनी? 'छापण्याआधी प्रूफ मला दाखवायला सांग तिला.'

मी म्हटलं, 'नाही बाबा. या खेपेला नाही. छापून झालं की कळेल, सगळ्यांबरोबर.'

आणि गाठ पक्की बांधली.

ताई


२ फेब्रुवारी

ताई, ताई, ताई,

झाली! साठ खुर्च्या होत्या आणि माणसं भिंतीला टेकून उभी होती. आता चौदा मिनिटांची आहे, त्यातली तीन तुझी. तुझा आवाज आला तेव्हा आवाजवालीने माझा हात धरला. तुझ्या आवाजात काय आहे माहीत आहे? वॉर्डात गोंगाट करणाऱ्या नातेवाइकांना बाहेर काढतेस ना, तोच.

थोरलीचं काम करणारी मुलगी खूश आहे, रडण्याऐवजी बोलायला मिळालं म्हणून. (ओठ तिचे, आवाज तुझा.) आणि धाकटी पहिल्या रांगेत आईच्या मांडीवर बसली होती. थोरली बाकावरून उठली तसं तिने भर अंधारात ओरडून सांगितलं, 'उठली!' सगळे हसले, आणि मग कुणी हसेना.

नंतर एक बाई आल्या, तुझ्याच वयाच्या. म्हणाल्या, 'आमच्याकडे बाक नव्हतं, भिंत होती.' एवढंच बोलल्या आणि गेल्या.

वही आणि बाक परत पाठवतेय, बुटांची गैरसोय झाली असेल. नवी सीडी सोबत आहे. बाबांना ऐकवायची की नाही ते तू ठरव. मी आता फोन करणार आहे, आणि तू मोठ्याने बोलायचंस.

तुझी,
भिंगरी


१५ फेब्रुवारी

भिंगरे,

ऐकवली. रविवारी मिस्सा झाल्यावर, पुढच्या खोलीत. शिकाऊ मुलीने कॉम्प्युटर घरी आणून जोडून दिला. बाबा खुर्चीत ताठ बसले, चष्मा लावून. नळाच्या आवाजाला त्यांनी स्वयंपाकघराकडे मान वळवली. माझ्या वाक्याला वळवली नाही. मी शेजारीच उभी होते.

आज सकाळी म्हणाले, 'कागद घे. धाकटीला पत्र आहे.' ते सांगत गेले, मी लिहीत गेले. त्यांचं पाकीट वेगळं येईल, हे मी पोस्टात बसून लिहितेय; त्यातला मजकूर खाली तसाच्या तसा देते. कंसातलं माझं.

'चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद. तुझी फिल्म ऐकली. चुका पुढीलप्रमाणे. वडील चालतात तेव्हा चपलांचा आवाज येतो. मी घरात चपला कधी घातल्या नाहीत. (खरं आहे.) घड्याळात चार ठोके पडतात. आपल्या घड्याळात तासाला एकच ठोका पडे. (हेही खरं.) वडिलांचा आवाज विनाकारण चढवला आहे. (विनाकारण नाही. आहे तेवढाच आहे.) "कोणता खटला" हा शेरा कडक आवाजात वाचला आहे, तो मी गमतीने लिहिला होता. (भिंगरे, इथे मी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, 'गमतीने? आणि अर्धा तास बाकावर?' ते म्हणाले, 'तू लिही.' मी लिहिलं, पण हा कंससुद्धा लिहिला.) आईची भांडी बरोबर आहेत. थोरलीचं वाक्य बरोबर आहे, शब्दशः तेच होतं. ती त्या दिवशी खरं बोलत होती, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.'

मग ते थांबले. मला वाटलं, पुढे काही आहे. तुझ्यासाठी तरी, माझ्यासाठी तरी. पुढे नव्हतं. चष्मा काढला, पुन्हा लावला आणि म्हणाले, 'ते शेवटचं वाक्य खोड.'

मी काही केलं नाही. पेन चाललं की त्यांना ऐकू येतं, थांबलं की तेही येतं.

'खोडलंस?'

'नाही.'

'थोरले, मी सांगतोय. खोड ते.'

हो म्हणून मोकळी झाले असते. त्यांना दिसणार थोडंच होतं? लहानपणी इतकी पापं रचून दिली, त्यात आणखी एक. पण मी म्हटलं, 'नाही बाबा, ते खोडायचं नाही. अडतीस वर्षांत तुम्ही माझ्याविषयी एवढंच एक खरं सांगितलंत.'

मग म्हणाले, 'वाचून दाखव.' मी तेही केलं नाही. कागदाची घडी घातली आणि त्यांच्यासमोरच पाकीट चिकटवलं, त्यांना ऐकू जाईल असं.

जरा वेळाने म्हणाले, 'दाढी राहिली आहे.' मी म्हटलं, 'आधी हे टपालात टाकून येते.'

ताई